शालूचा बाप

पेडगाव, १२ नोव्हेंबर २०२३

शालू,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला कळलं असंल पत्र कोणाचं हाय ते. फाडायचं असलं तर फाड, पण आधी तुज्या मायचं तेवढं वाचून घे. तिला साखर निघाली हाय. गोळ्या चालू हायेत, भिण्यासारखं काही न्हाई. ती तुजी रोज याद काढती असं लिहिलं तर तुला वाटंल मी तिच्या आडून बोलायलोय. म्हणून तेवढंच.

फोन लागत न्हाई. हरिओम म्हणला, "ताईनं तुमचा नंबर बंद करून ठेवलाय, अण्णा. नाशिकचा पत्ता देतो, पण मी दिला म्हणून सांगू नका." मी सांगून टाकलं बघ. तुज्या भावाला रागावू नको. तो आता इथंच परभणीला एका खाजगी शाळेत खेळाचा मास्तर हाय, वर्षाच्या करारावर. राजेश्वर सरांनी शब्द टाकला म्हणून लागला.

तुला घर सोडून सात वर्षं व्हायला आले. तू दवाखान्यात नर्स झालीस हे बी मला हरिओमकडूनच कळलं.

मेंढ्या आता चाळीसच ठेवल्यात. चारायला रान राहिलं न्हाई, जिकडं तिकडं तारेचं कुंपण. कालव्याच्या कडंनं गेलो की तू आठवतीस. सात वर्षाची होतीस. मेंढा कुत्र्याला बिचकून सुटला तो थेट रेल्वेच्या रुळाकडं. माज्या पायात काटा मोडलेला, मी नुसता ओरडायलो. तू चपला काढून हातात घेतल्या अन् निघालीस. मला वाटलं रडत परत येशील. तू त्याच्या पुढं जाऊन त्याला वळवलंस, अन् परत आलीस तवा धाप बी लागली नव्हती. त्या दिवशी मी गिरणीत सांगितलं, दुकानात सांगितलं, पारावर सांगितलं. तुजी माय म्हणली, "बस करा, दृष्ट लागंल लेकराला." मला बस करता आलं न्हाई.

आपल्या गल्लीच्या टोकाला राहती ती मनकर्णा, कापूस येचायला जाती ती, तिची निकिता आता नववीला हाय. ती बी पळती. परभणीला राजेश्वर सरांच्याच पळायच्या क्लासला जाती. परवा मनकर्णानं इचारलं, "भाऊ, शालूनं पळणं कामून सोडलं?" मी म्हणलो गुडघा गेला.

तुजा गुडघा चांगला हाय, हे मला माहीत हाय.

तुजा अण्णा


पेडगाव, ३ डिसेंबर २०२३

शालू,

तुजं उत्तर न्हाई. मी वाट बी बघितली न्हाई असं लिहिणार होतो, पण पोस्टमन दिसला की मी दारात येऊन उभा राहायलोय, हे गल्लीत सगळ्यांनी बघितलंय.

निकितानं पळायला जायचं बंद केल्तं. पंधरा दिवस झाले, पोट दुखतंय म्हणायची, डोकं दुखतंय म्हणायची. मनकर्णानं एक बार मारलं बी तिला. मग राजेश्वर सर स्वतः गाडी घेऊन तिच्या दारात आल्ते. म्हणले, पोरीत दम हाय, राज्याच्या संघात घालतो. मनकर्णाला काय करावं कळंना. ती माज्याकडं आली. म्हणली, "तुमी समजून सांगा, भाऊ. तुमच्या शालूला सरांनीच घडवलं. तुमचं ऐकंल ती."

मी गेलो.

कामून गेलो ते सांगतो. तू जिल्ह्यात पहिली आलीस त्या साली मी रेशनच्या दुकानात रांगेत उभा होतो. दुकानदारानं आतून खुर्ची काढून दिली. म्हणला, "बसा, तुमी शालूचे वडील ना?" माजा बाप मेंढरामागं मेला, त्याचा बाप बी. आमच्यातल्या कोणाला त्या दुकानात खुर्ची भेटली नव्हती. तुजा पेपरातला फोटो मी पलाश्टिकमधी बंद करून घेतला अन् खिशात घालून फिरायचो. एसटीत बाजूला कोण बसला की काढायचो. लोक मला येडबा या माज्या नावानं हाक मारायचं इसरले. शालूचा बाप आला, शालूचा बाप गेला. मला माजं नाव ऐकू आलं न्हाई तरी चालत होतं.

तर मी शालूचा बाप म्हणून निकिताकडं गेलो. ती चुलीपाशी बसल्ती. मी म्हणलो, "बाई, सर चांगले हायेत. आमची शालू त्यांच्याच हाताखाली मोठी झाली."

तिनं माज्याकडं बघितलं.  नुसतं बघितलं, अन् घरी येईस्तोवर माजा सदरा घामानं भिजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परभणीला गेली. माज्या सांगण्यावरून गेली.

तुजा अण्णा


पेडगाव, ९ डिसेंबर २०२३

शालू,

निकिता परत आली ती पळत आली. परभणीपासून पेडगावपर्यंत, सडकेनं, एकटी. बूट घातलेले, दप्तर तिथंच टाकलेलं. बांधावरचे लोक म्हणायले, पोरगी काय तयारी करायलीय. ती दारात येऊन पडली अन् मायला सगळं बोलली.

मनकर्णा तशीच माज्याकडं आली. डोळे कोरडे होते तिचे. "भाऊ, खरं सांगा. शालूचा गुडघा गेल्ता का?"

तुजी माय आत भाकरी करायली होती. तिचा हात थांबलेला मला ऐकू आला.

मी म्हणलो, "न्हाई."

मनकर्णा म्हणली, "तुमाला माहीत होतं?"

मी मान हलवली. ती थुंकली न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. उंबऱ्यावर हात टेकून उठली अन् गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता जे लिहायलोय ते तुला ठाऊक हाय. तरी मला लिहू दे. मी ते आजपर्यंत कोणापुढं बोललो न्हाई.

तवा डिसेंबरच होता. तू सोळा वर्षाची. वाड्यात मी मेंढ्यांचे खूर कापायलो होतो, तू मेंढीचे पाय धरल्ते. खाली मान घालून तू म्हणलीस, "अण्णा, मला उद्यापासून सरांकडं जायचं न्हाई."

"कामून?"

"सर सगळ्या पोरी गेल्यावर मला थांबवून घेतात."

मी खूर कापतच राहिलो. मग तू बाकीचं सांगितलंस. ते मी लिहीत न्हाई. मला सगळं ऐकू आल्तं, एकेक शब्द. तू बोलायची थांबलीस तवा मी म्हणलो, "दुसरा पाय धर." अन् मग म्हणलो, "आठ दिवसावर स्पर्धा हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोटारसायकल काढली. तू मागं बसलीस. रोज माज्या खांद्याला धरायचीस, त्या दिवशी धरलं न्हाईस. मैदानाच्या फाटकापाशी मी गाडी उभी केली. तू उतरेनास. आत दिवे लागल्ते, सर शिट्टी वाजवायले होते. मी गाडी बंद केली न्हाई. मी म्हणलो, "उतर."

तू उतरलीस.

स्पर्धेत तू पहिली आलीस. सगळ्यात पुढं बसून टाळ्या वाजवणारा मी होतो. महिन्यानं तू जिंतूरला मावशीकडं जाते म्हणून गेलीस, ती गेलीसच.

तुजी माय, हरिओम, सगळ्यांना मी सांगत आलो की पोरीचं डोकं फिरलं, पळायचा कंटाळा आला. अन् तुला वाटत असंल की बापानं भरोसा ठेवला न्हाई. मी बी स्वतःला तेच सांगत होतो, की पोरगी ल्हान हाय, तिचा काहीतरी गैरसमज झाला. ते खोटं हाय. मी भरोसा ठेवला होता, शालू. तू सांगितलंस त्याच्या दोन महिने आधी मी एकदा लौकर घ्यायला आल्तो. सामानाच्या खोलीतून तू बाहेर आलीस अन् नळाखाली हात धुवायलीस, किती तरी वेळ. मागून सर आले, मला बघून हसले, म्हणले, "पोरगी राज्यात चमकंल तुमची." मला तवाच कळलं. मी बी हसलो.

मला तुजं खरं वाटलं अन् तरी मी तुला उतर म्हणलो. एवढंच हाय.


पेडगाव, २ जानेवारी २०२४

शालू,

मनकर्णानं परभणीला जाऊन ठाण्यात तक्रार दिली. राजेश्वर सरांना धरलं. गावात दोन तट पडले. जास्त लोक सरांकडून हायेत. ज्यांच्या पोरी पळतात ते बी.

तुज्या मायला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणली, "तुमी मला तवा सांगितलं असतं तर मी तिला घेऊन माज्या भावाकडं गेले असते. मोलमजुरी केली असती." त्यानंतर ती माज्याशी बोलली न्हाई. ताट वाढती, पाणी ठेवती. वीस दिवस झाले.

हरिओमला सांगताना मला त्याच्याकडं बघता आलं न्हाई. मी म्हणलो, "मी जबाब दिला तर तुजी नोकरी जाईल." तो म्हणला, "नोकरीचं काय घेऊन बसलाव. मी रोज शाळेत जायच्या आधी त्या माणसाच्या पाया पडत होतो, अण्णा. तुमी मला पडू दिलं." अन् उठून गेला. दोन दिवस घरी आला न्हाई.

रविवारी सरांचा भाऊ अन् गावातले तिघं आल्ते. ओसरीवर बसले. एक जण म्हणला, "येडबा, मनकर्णा तुजं नाव घ्यायलीय. तू म्हण की मला काही माहीत न्हाई. तुज्या पोरीची इज्जत झाकून राहील, नाशिकला सुखात हाय ती."

मी म्हणलो, "सुखात हाय का न्हाई मला माहीत न्हाई."

"मंजे?"

"सात वर्षात इचारलं न्हाई तिला."

 सरांचा भाऊ उठताना म्हणला, "ज्या माणसानं तुला माणसात आणलं त्याच्यावर उलटू नको." ते खरं होतं, शालू. त्यानंच मला खुर्ची दिली. कशाच्या बदल्यात दिली ते मला ठाऊक होतं अन् मी बसलो.

मला ठाण्यात जायचं हाय. पण जबाब द्यायचा मंजे तुजं नाव आलं. तुला इचारल्याबगर मी ते घेणार न्हाई. एकदा तुला इचारलं न्हाई तेवढं बस झालं. सोबत कोरं कार्ड ठेवलंय, त्यावर हो लिही, न्हाईतर न्हाई लिही. काहीच लिहिलं न्हाईस तर मी न्हाई असं धरीन, अन् मनकर्णापुढं जाऊन तसं सांगीन.


पेडगाव, ११ फेब्रुवारी २०२४

शालू,

तू येऊन गेलीस.

मला काल कळलं. ठाण्यातून फोन आला, या म्हणले. मला वाटलं मनकर्णानं दिलेल्या नावावरून बोलावलं. फौजदार मॅडम वयानं तुज्याएवढ्याच असतील. त्यांनी कागद पुढं घेतले अन् म्हणल्या, "तुमच्या मुलीनं गुरुवारी जबाब दिलाय. सकाळच्या गाडीनं आल्या, संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या."

गुरुवारी मी परभणीतच होतो. मेंढ्यांचं औषध आणायला आल्तो. स्टेशनच्या बाजूनंच गेलो असंल.

मॅडम म्हणल्या, "यात तुमच्याबद्दल लिहिलंय. वाचून दाखवू का?"

मी हो म्हणलो. त्यांनी वाचलं. तू लय थोडक्यात सांगितलंस. वडिलांना सांगितलं. वडील मेंढीचे खूर कापत होते. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला मैदानावर सोडलं. एवढंच. शिवी न्हाई, रडणं न्हाई. मी तुला चार पानं लिहिले, ते तू तीन ओळीत सांगितलंस.

"खरं आहे का हे?"

"खरं हाय."

"विचार करून बोला. मुलगी तुम्हाला सांगते आणि तुम्ही पोलिसांना कळवत नाही, हा कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्यावरही कलम लागू शकतं."

"लावा," मी म्हणलो. "अजून एक लिहा. मला ती सांगायच्या आधीपासून अंदाज होता."

मॅडमनी पेन खाली ठेवला. दुसरा कोरा कागद पुढं घेतला. मग म्हणल्या, "सगळं पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं. अंगठा न्हाई, सही केली. सातवीपर्यंत शिकलोय, सही चांगली येती मला.

बाहेर हरिओम थांबल्ता. त्याचा करार शाळेनं संपवला हे त्यानं मला त्याच दिवशी सांगितलं, चालता चालता, दुसरंच काही सांगितल्यासारखं. गाडीवर बसल्यावर मी इचारलं, "ताई आल्ती ते तुला ठाऊक होतं?"

"मीच आणायला गेल्तो स्टेशनवर."

"घरी का आणलं न्हाई?"

"ती म्हणली, आईला नाशिकला घेऊन ये. घरी न्हाई यायचं."

पुढच्या आठवड्यात तो मायला घेऊन येईल. तिच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत दिली हाय. सकाळची गोळी जेवायच्या आधी असती, ती इसरती. तिला परत पाठवायची घाई करू नको. मला भाकरी येती करायला.


पेडगाव, २४ ऑगस्ट २०२५

शालू,

निकाल तुला मॅडमनी कळवलाच असंल. वीस वर्षं. ते वर अपील करतील असं लोक म्हणायलेत. करू दे.

गावात कोणी आनंद केला न्हाई. परभणीत सरांच्या क्लासच्या पत्र्याच्या शेडला कुलूप हाय. ज्यांच्या पोरी तिथं जायच्या त्यातले तिघं चौघं मला रस्त्यात टाळतात. आपल्या पोरीला इचारायचं त्यांना भ्या वाटतंय, असं मला वाटतं. एकाला मी म्हणलो बी, "घरी जा अन् इचार." तो म्हणला, "तू शहाणपण शिकवू नको." बरोबर हाय त्याचं.

माज्यावर कलम लावलं न्हाई. साक्षीदार म्हणून सोडलं. सुटलो म्हणून मला काही वाटलं न्हाई, उलट कोणीतरी एक बार मोठ्यानं माजं नाव पुकारून शिक्षा सांगायला पाहिजे होती.

मनकर्णा अजून बोलत न्हाई. निकिता पळत न्हाई. दहावी पास झाली, आता मामाकडं सेलूला शिकायला ठेवलीय. तुजी माय दिवाळीला येते म्हणली, चार दिवसासाठी. हरिओमनं चौकात सायकल दुरुस्तीचं टाकलंय, बरं चाललंय.

हे सगळं हरिओम तुला फोनवर सांगत असंल. मी पत्र लिहायलोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. कोर्टातल्या दिवसाचं मी तुला लिहिलं न्हाई. हे शेवटचं समज, यानंतर मी तुला त्रास देणार न्हाई.

मी सकाळी नऊलाच येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्तो. साडेदहाला तू आलीस. मी तुला सोळा वर्षाची सोडली होती. तू वळणावरून आलीस तवा मला वाटलं कोणीतरी वकील बाई यायलीय. केस आखूड कापलेले, हातात फाईल. तू मला बघितलंस. एक पाऊल तुजं ल्हान पडलं, मग परत सारखं. तू माज्यासमोरून गेलीस, तुजी ओढणी माज्या गुडघ्याला लागून गेली. मी उठलो न्हाई, हाक मारली न्हाई. तू थांबली न्हाईस ते बरं केलंस.

निकिता भिंतीला टेकून उभी होती.  तिची साक्ष आधी होती. तू तिच्यापुढं वाकून काहीतरी म्हणलीस, मला ऐकू आलं न्हाई. मग तू बाटलीचं टोपण काढून तिला पाणी पाजलंस, अन् आपल्या रुमालानं तिचं तोंड पुसलंस. नाव पुकारल्यावर ती आत गेली. तू दारापाशी उभी राहिलीस. दोन तास झाले असतील. मधी एक बार शिपायानं तुला बस म्हणून खुर्ची दिली. तू बसली न्हाईस.

माजी पाळी आली तवा तू बाहेर होतीस, म्हणून आत काय झालं ते सांगतो. सरांच्या वकिलानं मला इचारलं, "तुम्ही मुलीला दुसऱ्याच दिवशी स्वतः मैदानावर नेलंत. म्हणजे तिच्या बोलण्यावर तुमचा विश्वास नव्हता. बरोबर?"

मी म्हणलो, "होता."

"विश्वास होता आणि तरी नेलंत?"

"हो."

"असा कोणता बाप करेल?"

"मी केलं," म्हणलो. वकिलानं कागद उलटा सुलटा केला अन् खाली बसला.

तिथून मी खाली चहाच्या टपरीवर आलो.  बाजूला कुठल्या तरी खेड्याचा म्हातारा बसल्ता, वावराच्या बांधाची केस होती त्याची. तेवढ्यात तू जिन्यावरून उतरलीस. तुजी साक्ष दुसऱ्या दिवसावर गेल्ती. एका बाजूला निकिता, एका बाजूला मनकर्णा. सरांची माणसं फाटकापाशी घोळका करून उभी होती, काही बाही बोलायली होती. तू त्यांच्या मधून वाट काढली न्हाईस, तू सरळ चालत आलीस अन् त्यांनाच बाजूला व्हावं लागलं.

म्हातारा बघत होता. म्हणला, "कोणाची हो पोरगी ही? काय मायनं जनली असंल."

माज्या तोंडात आल्तं. जिभेवर होतं. सगळ्या जन्मात मी तुज्यावरून कितीदा छाती काढली, पण त्या दिवशी जे भरून आलं ते कधी आलं नव्हतं. तुला मी वाढवलं न्हाई, शालू. त्या फाटकापाशी मी तुला सोडलं, त्याच्यापुढची तू तुजी तू वाढलीस. त्यातलं काहीच माजं न्हाई.

मी म्हणलो, "मला काय माहीत, बाबा."

अन् तू रिक्षात बसून जाईस्तोवर बघत राहिलो.

येडबा